दुपारी दीड ते साडेतीन पाळणाघरात काय चालतं, ते बघा

कांदिवलीच्या एका आईचा प्रश्न आहे. बाळ साडेचार महिन्यांचं, बाळंतपणाची रजा संपत आलेली. शेजारच्या विंगमधल्या काकू पाळणाघर चालवतात. काकू प्रेमळ आहेत, घर स्वच्छ आहे, सोसायटीतली बरीच मुलं त्यांच्याच हाताखाली मोठी झालीत. पण दुपारी बघायला गेल्या तेव्हा एक बाळ झोळीत होतं, दुसरं पोटावर झोपलेलं आणि तिसऱ्याच्या डोक्याखाली मोहरीची उशी. विचारल्यावर काकू म्हणाल्या, "पोटावर टाकलं की दोन-दोन तास हूं का चूं करत नाहीत." सासूबाईंचंही म्हणणं तेच, आमची मुलं अशीच वाढली. मी उगाच घाबरतेय का, आणि पाळणाघर पारखायचं तरी कसं, असं त्यांनी विचारलंय.

मी बरीच वर्षं मुंबईत पाळणाघर चालवलं. आता पाळणाघरातल्या ताई-मावशींना शिकवते, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत. तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. काकूंनी जे कौतुकाने सांगितलं, काळजी नेमकी त्याचीच आहे.

पोटावर झोपलेलं बाळ जास्त गाढ झोपतं, सहजासहजी चाळवत नाही. मोठ्यांना ते सोयीचं वाटतं. पण तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाशी त्याने स्वतःच सोडलेली हवा साचली किंवा श्वास जरा अडला, तर झोप मोडणं, मान वळवणं, रडणं एवढीच त्याची सुटका असते. पोटावर ती कमी होते. निरोगी बाळ झोपेतच गेलं आणि तपासणीत काहीच कारण सापडलं नाही, अशा मृत्यूंचा अभ्यास पाश्चात्त्य देशांत खूप झालाय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ साली बाळांना पोटावर झोपवू नका असं सांगितलं, १९९४ मध्ये त्याची देशभर मोहीम झाली आणि पुढच्या वर्षांत हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. नवं औषध नाही, यंत्र नाही. बाळ उताणं झोपवायचं, बस्स.

पाळणाघराच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची. घरी रोज उताणं झोपणाऱ्या बाळाला कुणी अचानक पोटावर झोपवलं, तर धोका नेहमीच्या तुलनेत १८ पटींपर्यंत जातो, असं ही अकादमी सांगते. म्हणजे "घरी मी उताणंच झोपवते, दुपारचे दोन तास काकूंकडे पोटावर झोपलं तर काय बिघडलं" हा हिशोबच उलटा आहे. बाळाला सवय नसताना पोटावर टाकणं सगळ्यात वाईट.

वयाचंही बघा. रजा २६ आठवड्यांची, पण त्यातले ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. ज्यांनी ते पूर्ण घेतले, त्यांचं बाळ कामावर रुजू होताना १८ आठवड्यांचं, म्हणजे चार महिने ओलांडलेलं असतं. झोपेतल्या अशा मृत्यूंचं प्रमाण पहिल्या ते चौथ्या महिन्यात सर्वांत जास्त असतं आणि साधारण ९० टक्के सहा महिन्यांच्या आतच घडतात. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. त्याबद्दल केंद्र सरकारने २०१८ मध्ये ज्या सूचना काढल्या, त्या सहा महिन्यांपासूनच्या मुलांचा विचार करून लिहिलेल्या आहेत. मधले दीड-दोन महिने कुणाचेच नाहीत. ते बाळ येतं शेजारच्या काकूंकडे. (ऑफिसात पाळणाघर असेल तर दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभाही त्याच दुरुस्तीने दिली. एचआर स्वतःहून सांगत नाही, विचारा.)

आता सासूबाईंसाठी. त्यांची भीती बहुतेक ही असेल, की उताण्या बाळाने दूध ओकलं तर ते श्वासनलिकेत जाईल. वाटतं तसं, पण शरीराची रचना उलट आहे. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायला वर चढावं लागतं, म्हणून ते गिळलं जातं नाहीतर तोंडावाटे बाहेर येतं. पोटावर बाळ असलं की अन्ननलिका वर जाते. म्हणूनच वारंवार दूध काढणाऱ्या बाळांनाही उताणंच झोपवायला सांगतात. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, मग ठेवा. कुशीवर झोपवणं हा मधला मार्ग नाही. कुशीवरचं बाळ कलंडून पोटावर जातं. पुढे ते स्वतःहून दोन्ही बाजूंनी उलटायला लागलं, की झोपवताना उताणं ठेवायचं आणि नंतर ते फिरलं तर फिरू द्यायचं. त्यासाठी रात्रभर जागायला नको. मात्र उलटायची चिन्हं दिसू लागली, की दुपट्यात घट्ट गुंडाळणं त्याच दिवशी बंद.

आणि "आमची मुलं अशीच वाढली" यावर मी वाद घालत नाही. वाढली, खरंच. तेव्हा घरात सहा माणसं होती आणि बाळाच्या उशाशी कुणीतरी तांदूळ निवडत बसलेलं असायचं. पाळणाघरात तशी बसलेली माणसं नसतात.

झोळीबद्दल मला दर वेळी कुणी ना कुणी भांडतं, म्हणून जरा सविस्तर. झोळीत बाळाची पाठ अर्धवर्तुळासारखी वळते आणि हनुवटी छातीवर टेकते. साडेचार महिन्यांच्या बाळाची श्वासनलिका मऊ असते, मान इतकी वाकली की ती दबते, आणि या वयात मान पुन्हा वर उचलायची ताकद झोपेत नसते. दोन्ही बाजूंचं कापड तोंडाजवळ येतं ते वेगळंच. त्यात पाळणाघरातली तीन-चार वर्षांची मुलं हौसेने झोके देतात. बाळ कललेल्या अवस्थेत झोपणं कितपत वाईट, याचा धडा अमेरिकेत महागात मिळाला. पाठीला उतार देणारे झोपाळे तिथे लाखो घरांत गेले. बाळं दगावल्याचं उघड झाल्यावर २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीने ४७ लाखांच्या आसपास झोपाळे परत मागवले आणि २०२२ मध्ये दहा अंशांहून जास्त उतार असलेल्या अशा वस्तूंवर कायद्यानेच बंदी आली. आपल्या झोळीचा बाक त्या झोपाळ्यांपेक्षा जास्तच. तुम्ही समोर बसून, बाळाचा चेहरा दिसत असताना घरी दहा मिनिटं झुलवलंत, तर मी काही बोलणार नाही. पण डोळा लागला की उचलून सपाट जागी ठेवायचं. पाळणाघरात मात्र झोळी नकोच, कारण तिथे "डोळा लागल्यावर उचलू" हे सहा मुलांच्या गडबडीत होत नाही. कारसीट, बाउन्सर, प्रॅम यांनाही हाच नियम.

सपाट जागा म्हणजे महागडा कॉटच हवा असं नाही. वन बीएचकेमध्ये चालणाऱ्या पाळणाघरात चार कॉट मावणार कुठे? जमिनीवर पातळ, घट्ट गादी आणि तिच्यावर ताणून खोचलेली चादर चालेल. तिच्याभोवती रांगती मुलं येणार नाहीत अशी आडोशाची जागा मात्र हवी. गादी तळहाताने दाबून बघा. हात काढल्यावर खड्डा तसाच राहिला तर ती बाळासाठी नाही. नुकतीच पिंजून आणलेली कापसाची गादी इथेच नापास होते. कॉट असेल तर दांड्यांमधली फट सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. सोफ्यावर, डबलबेडवर, ताईच्या अंगावर झोपलेलं बाळ कधीच नको. सोफ्यावर बाळ घेऊन बसलेल्या मोठ्या माणसाचा डोळा लागणं हा सगळ्यात घातक प्रकारांपैकी एक. आणि ताईचा डोळा लागणार, कारण ती पहाटे उठून घरचं सगळं आवरून विरारहून लोकलने उभी राहून आलेली असते. यात तिची चूक नाही, पण पाळणाघराने ते धरून चालायला हवं.

गादीवर बाळाखेरीज काही नको. मोहरीची उशी नको, लोड नको, सॉफ्ट टॉय नको, गोधडी नको. डोकं गोल व्हावं म्हणून उशी देतात; त्याऐवजी बाळ जागं असताना दिवसातून थोडा थोडा वेळ समोर बसून पोटावर खेळवा आणि झोपवताना डोक्याची बाजू रोज बदला. गळ्यातला काळा दोरा आणि ताईत पाळणाघरात पाठवायच्या आधी काढून ठेवा. नजरेची भीती असेल तर पायाला सैल बांधा किंवा गालाला तीट लावा, पण गळ्यात काही नको. टोपडं घरात, पंख्याखाली काढून टाका. तान्हं बाळ बरीचशी उष्णता डोक्यावाटे सोडतं, आणि फार उकडणं हाही या मृत्यूंमधला एक धोका मानतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात पातळ सुती झबलं आणि लंगोट पुरे. एसी लावणाऱ्या ठिकाणी ताई पांघरूण घालते, बाळ पाय मारून ते तोंडावर ओढतं. पांघरुणापेक्षा एसी कमी करायला सांगा. डास ही मुंबईतली खरी अडचण आहे, तेव्हा मच्छरदाणी हवीच. पण छत्रीसारख्या उघडणाऱ्या मच्छरदाणीबरोबर जी फुगीर गादी आणि उशी मिळते, ती काढून ठेवायची. कॉइल किंवा धुरी बाळ झोपतं त्या खोलीत नको. विडी-सिगारेटचा धूर तर अजिबातच नको, काकूंचे यजमान बाल्कनीत ओढत असले तरी.

हे झालं बाळाच्या खाली आणि आजूबाजूला काय असावं त्याबद्दल. माझ्या मते पाळणाघराची खरी पारख होते बाळाकडे बघतंय कोण, यावर. त्यासाठी सकाळी दहाला जाऊ नका. सकाळी सगळीच पाळणाघरं छान दिसतात. दुपारी दीडला जा.

दीडला काय होतं ते सांगते. मोठ्या मुलांची स्कूल व्हॅन गेटवर येते, एक ताई त्यांना आणायला खाली जाते. लिफ्टला गर्दी, पाच मिनिटांची पंधरा होतात. वर आलेल्या मुलांना हातपाय धुवायचे, ताटं वाढायची. तान्ही झोपलेली असतात म्हणून दुसरी ताई स्वयंपाकघरात. तिलाही सकाळपासून पोटात काही नाही, ती तिथेच चार घास खाऊन घेते. बेडरूमचं दार लोटलेलं, पडदे ओढलेले, आवाज नको म्हणून. म्हणजे दिवसातल्या सगळ्यात धोक्याच्या तासाला बाळांच्या खोलीत कुणीच नाही. बेफिकिरी म्हणून नव्हे. झोपलेली मुलं म्हणजे सुटलेलं काम, अशी समजूत असते म्हणून. चांगल्या पाळणाघरात या वेळेला एका ताईचं काम फक्त बसणं असतं. तिची जेवणाची वेळ वेगळी ठरलेली असते, आणि ती उठली तर दुसरी आत आल्यावरच उठते.

बसणं म्हणजे मोबाइल घेऊन बसणं नव्हे. दर दहा मिनिटांनी प्रत्येक बाळाजवळ जायचं. दारातून डोकावलं तर फक्त बाळ आहे एवढंच कळतं. जवळ जाऊन वाकायचं, छाती किंवा पोट वर-खाली होतंय का ते बघायचं, चेहरा मोकळा आहे का, ओठांचा रंग ठीक आहे का. मानेच्या मागे दोन बोटं लावायची. घाम असेल तर कपडे कमी करायचे. मग तक्त्यावर वेळ आणि सही. ओठांचा रंग दिसायला खोलीत उजेड लागतो, तेव्हा मिट्ट काळोख करू नये. हा तक्ता बघायला मागा. आणि बघताना एक खूण लक्षात ठेवा: तुम्ही तीन वाजता गेलात आणि चार वाजेपर्यंतच्या सह्या एकाच पेनने, एकाच ओळीत झालेल्या असतील, तर तो तक्ता पालकांसाठी लिहिलाय. तक्ताच नसलेलं पण ताई खोलीत बसलेली असलेलं घर मी त्यापेक्षा पसंत करीन.

किती मुलांमागे एक ताई? अमेरिकेत आरोग्य आणि सुरक्षिततेची जी राष्ट्रीय मानकं वापरतात, ती वर्षाच्या आतल्या तीन बाळांमागे एक मोठं माणूस आणि एका गटात जास्तीत जास्त सहा बाळं सांगतात. एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी चारांमागे एक. आपल्याकडच्या सूचना याहून बऱ्याच सैल आहेत. मुंबईत तीनास एक परवडणारं पाळणाघर मिळणं कठीण, हे मलाही माहीत आहे. मी आयांना एक साधी कसोटी सांगते: आग लागली, लिफ्ट बंद झाली, तर एक बाई एका वेळी दोन तान्ही उचलून जिना उतरू शकते. तिसरं बाळ कोण उचलणार, याचं उत्तर काकूंकडे असलं पाहिजे. आणि मोजताना फक्त मुलांसाठी मोकळे असलेले हात मोजा. पोळ्या करणाऱ्या मावशी, लादी पुसणारी बाई आणि फोनवर नव्या पालकांशी बोलणाऱ्या काकू यात धरायच्या नाहीत.

"सीसीटीव्ही आहे" हे उत्तर पुरेसं नाही. खारघरच्या एका पाळणाघरात २०१६ मध्ये दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाल्याचं कॅमेऱ्यामुळे उघड झालं, तेव्हापासून पालक पहिला प्रश्न कॅमेऱ्याचाच विचारतात. कॅमेरा हवाच, पण घडून गेल्यावर काय झालं ते तो सांगतो. ऑफिसातून तुम्हाला मोबाइलवर झोपलेलं बाळ दिसेल, श्वास दिसणार नाही. पायाला बांधून ऑक्सिजन आणि हृदयाचे ठोके मोजणाऱ्या यंत्रांवरही भिस्त ठेवू नये.

जाताजाता बाथरूममध्ये डोकावा. मुंबईत पाणी ठरल्या वेळेला येतं, म्हणून बादल्या आणि पिंप भरून ठेवलेले असतात. रांगतं मूल बादलीच्या काठाला धरून उभं राहतं आणि डोक्याकडून आत जातं. वीतभर पाण्यातही बुडतं, आणि आवाज होत नाही. पिंपाला घट्ट झाकण, बादल्या पालथ्या, दाराला वरच्या बाजूला कडी. खिडकीला ग्रिल असेल तरी तिच्याखाली दिवाण किंवा खुर्ची नको. फिनेल शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवलेलं दिसलं, तर मी तिथूनच परत फिरले असते.

ताईंपैकी कुणी बाळाचा श्वास थांबल्यावर किंवा घशात काही अडकल्यावर काय करायचं याचं प्रशिक्षण घेतलंय का, ते थेट विचारा. सर्टिफिकेट दाखवतील, तरी "करून दाखवा" म्हणा, बाहुलीवर. १०८ ला फोन कोण करणार आणि तोवर बाळाकडे कोण राहणार, हे दोघींचं आधी ठरलेलं असावं. जवळचं चोवीस तास चालणारं हॉस्पिटल कोणतं आणि दुपारच्या ट्रॅफिकमध्ये तिथे कसं जायचं, हेही.

आता काकूंशी बोलायचं कसं. त्यांना चूक ठरवायला जाऊ नका, त्यांनी इतकी मुलं सांभाळलीत. डॉक्टरांवर ढकला. "काकू, आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय, हिला फक्त उताणंच झोपवायचं, उशी-झोळी काही नको. मी घरी तशीच सवय लावलीय. तुमच्याकडेही तसंच हवं, नाहीतर तिची सवय मोडेल." बालरोगतज्ज्ञांकडून खरोखरच दोन ओळी लिहून घ्या आणि तो कागद काकूंकडच्या गादीजवळच्या भिंतीवर चिकटवा, कारण दुपारी बाळ झोपवणार आहे ती ताई, काकू नव्हेत. काकूंनी ऐकलं आणि दुसऱ्या बाळांनाही उताणं झोपवायला लागल्या, तर त्यांच्यासारखी दुसरी जागा शोधून सापडणार नाही. "हो हो" म्हणून दोन दिवसांनी पुन्हा पोटावर दिसलं, तर मात्र प्रेमळपणा, जवळपणा, फी, सगळं बाजूला ठेवून दुसरीकडे बघा. जी काळजी तुमच्यासमोर घेतली जात नाही, ती तुमच्यामागेही घेतली जाणार नाही.

पहिला आठवडा सांभाळा. अमेरिकेत पाळणाघरांत झालेल्या अशा मृत्यूंपैकी जवळपास एक तृतीयांश पहिल्याच आठवड्यातले होते, आणि त्यातले निम्मे पहिल्याच दिवशीचे. नवी जागा, नवे हात, रडून दमलेलं बाळ, आणि शांत व्हावं म्हणून कुणीतरी पोटावर टाकतं. म्हणून रजेचे शेवटचे आठ-दहा दिवस यासाठी राखून ठेवा. आधी तासभर तुम्हीही तिथे बसा, मग दुपारच्या झोपेपुरतं ठेवा आणि त्या वेळात न सांगता एकदा वर जा. ज्या ताई झोपवणार आहेत, त्यांच्यासमोर बाळाला तुम्ही एकदा झोपवून दाखवा, मग त्यांना झोपवू द्या. घरी आजपासून तीच सपाट गादी, उशीशिवाय. आणि रुजू व्हायचा दिवस सोमवार न धरता गुरुवार धरा, म्हणजे दोन दिवसांनी शनिवार-रविवार बाळ तुमच्याजवळ असेल.